जोड डिस्कचा भरवसा किती धरावा?

पूर्वी दुकान वाढवताना रोजकीर्द आणि खतावणीच्या वह्या तिजोरीत जात असत. आज भिवंडी-मालेगावचा यंत्रमागधारक असो, मोहम्मद अली रोडवरचा घाऊक व्यापारी असो, की लग्नपत्रिका छापणारा लहानसा छापखाना असो, वह्यांची जागा काउंटरखाली धूळ खात पडलेल्या एका डब्याने घेतली आहे. कोणाकडे किती उधारी थकली, गोदामात किती ताके शिल्लक आहेत, कोणत्या गिऱ्हाइकाचे डिझाइन कोणत्या फाइलीत आहे, हे सारे त्या डब्यात. वस्तू व सेवा कर कायद्याच्या ३६ व्या कलमाप्रमाणे एखाद्या वर्षाचे हिशेब त्या वर्षाच्या वार्षिक विवरणपत्राच्या अंतिम तारखेपासून ७२ महिने जपून ठेवावे लागतात. डिस्क बिघडली म्हणून ही जबाबदारी टळत नाही.

या भीतीपोटी आपल्यापैकी अनेकांनी संगणकात एकाऐवजी दोन डिस्क बसवून घेतल्या आहेत. एका डिस्कवर जे लिहिले जाते तेच त्याच वेळी दुसरीवरही लिहिले जाते, म्हणून या जोडीला मिरर म्हणजे आरसा म्हणतात. जाणकारांच्या भाषेत रेड-१. त्यासाठी महागडे कार्ड घ्यावे लागत नाही. लिनक्समध्ये ही सोय मुळातच आहे आणि विंडोजच्या व्यावसायिक आवृत्त्यांतही आहे. सोय चांगली आहे, स्वस्त आहे, आणि नीट सांभाळली तर उपयोगाची आहे. आमची तक्रार आहे ती ही जोडी बसवून देणाऱ्यांच्या एका वाक्याबद्दल. "सेठ, दोन डिस्क टाकल्यात, आता टेन्शन नाही," असे सांगून ते बिल घेऊन जातात, आणि दुकानदार खरोखरच टेन्शन सोडून देतो.

मुळात या पद्धतीचा हिशेब काय आहे तो पाहावा. १९८८ साली अमेरिकेत बर्कली येथील कॅलिफोर्निया विद्यापीठातील डेव्हिड पॅटरसन, गार्थ गिब्सन आणि रँडी कॅट्झ या तिघांनी एक निबंध प्रसिद्ध केला. स्वस्त लहान डिस्कांचा संच करून महागड्या मोठ्या डिस्कचे काम कसे घेता येईल, हा त्याचा विषय. रेड हे नाव त्यातूनच आले. आरशाची पद्धत त्याआधीपासून वापरात होती, तिला त्यांनी पहिला क्रमांक दिला. त्यांनी भरवशाचे जे गणित मांडले त्यात केवळ डिस्क किती दिवस टिकते एवढेच धरलेले नाही. एक डिस्क गेल्यावर तिच्या जागी दुसरी बसून भरून तयार व्हायला किती वेळ लागतो, हाही आकडा त्या गणितात आहे. तो वेळ जितका कमी तितकी जोडी भरवशाची. हा वेळ वाढत गेला की भरवसा त्याच प्रमाणात उतरत जातो.

आता आपल्या दुकानात हा वेळ किती असतो? एक डिस्क ज्येष्ठात जाते आणि कळते दिवाळीच्या गर्दीत, तेही दुसरी जाते तेव्हा. मधले पाच महिने तो दुकानदार एकाच डिस्कवर धंदा करीत असतो आणि आपल्याकडे दोन आहेत अशा समजुतीत असतो. ज्याच्याकडे पहिल्यापासून एकच डिस्क आहे तो निदान घाबरून कुठेतरी नक्कल काढून ठेवतो. याने तीही काढलेली नसते.

बिघाड बोलत नाही

याचे कारण असे की आरशाच्या जोडीतील एक डिस्क गेली तरी संगणक चालूच राहतो. बिल निघते, शिक्का उमटतो, गिऱ्हाईक जाते. त्यासाठीच तर ही रचना आहे. परंतु जो बिघाड काम थांबवीत नाही त्याकडे कोणाचे लक्षही जात नाही. लिनक्समध्ये जोडीची अवस्था एमडीस्टॅट नावाच्या एका फाइलीत दिसते. चौकटी कंसात यू यू अशी दोन अक्षरे असली की दोन्ही डिस्क कामावर आहेत. एका यू च्या जागी आडवी रेघ दिसली की जोडी मोडली आहे. पाहायला पाच सेकंद लागतात, पण पाहणारा कोणी नसतो. विंडोजमध्ये डिस्क मॅनेजमेंट उघडले तर त्या भागावर 'फेल्ड रिडंडन्सी' असे शब्द दिसतात, पण ती खिडकी दुकानदार कशाला उघडेल?

लिनक्समध्ये ही जोडी सांभाळणारा एमडीएडीएम हा प्रोग्राम बिघाड होताच मेल पाठवू शकतो. मात्र त्याला पत्ता द्यावा लागतो, आणि त्या संगणकावरून मेल बाहेर जाण्याची व्यवस्था करावी लागते. ती नसेल तर बिघाडाची बातमी संगणकातल्या संगणकातच पडून राहते. सबब ज्याने जोडी बसवली त्याला समोर उभे करावे आणि म्हणावे, चाचणीचा मेल माझ्या फोनवर आणून दाखव, मग उरलेले पैसे घे. चाचणीचा मेल पाठवण्याची सोय त्या प्रोग्राममध्ये आहे. आमच्या मते या एका गोष्टीची किंमत दुसऱ्या डिस्कच्या किमतीपेक्षा जास्त आहे.

कित्येकांचा भरवसा डिस्कच्या स्वतःच्या प्रकृतीच्या अहवालावर, म्हणजे स्मार्टवर असतो. तो अहवाल जरूर पाहावा. पण २००७ साली गूगलच्या तंत्रज्ञांनी एक लाखाहून अधिक डिस्कांचा अभ्यास प्रसिद्ध केला, त्यात असे आढळले की निकामी झालेल्यांपैकी निम्म्याहून अधिक डिस्कांनी स्मार्टच्या चार मुख्य खुणांपैकी एकही खूण आधी दाखवली नव्हती. खूण दिसली तर डिस्क बदलावी, न दिसली तर निश्चिंत होऊ नये.

आधी नक्कल, मग पेचकस

समजा कळले की एक डिस्क गेली. अशा वेळी कारागीर आला की पहिल्यांदा डबा उघडतो. आमचा आग्रह आहे की डब्याला हात लावण्यापूर्वी जी डिस्क जिवंत आहे तिच्यावरचा हिशेब, डिझाइने, पत्रे, जे मोलाचे आहे ते सारे बाहेरच्या डिस्कवर उतरवून घ्यावे. उरलेली डिस्क बहुधा पहिलीच्याच वयाची असते, त्याच उन्हाळ्यात तापलेली असते, त्याच वीजपुरवठ्याचे झटके खाल्लेली असते. नवी डिस्क भरण्यासाठी तिला पहिल्या कोपऱ्यापासून शेवटच्या कोपऱ्यापर्यंत वाचावे लागते, आणि वर्षानुवर्षे न वाचलेल्या कोपऱ्यात एखादा खराब भाग असेल तर तो नेमका त्याच वेळी उघडा पडतो. डेबियन लिनक्स दर महिन्याच्या पहिल्या रविवारी मध्यरात्रीनंतर जोडी पूर्ण वाचून तपासते ते याच कारणासाठी. परंतु आपण शनिवारी रात्री संगणक बंद करून घरी जातो.

दुसरी गोष्ट, गेलेली डिस्क खरोखर गेली आहे काय? बऱ्याचदा दोष डिस्कचा नसून तारेचा असतो. संगणक डिस्कला ए, बी अशी नावे देतो. तिला जोडणारी साटा केबल सैल झाली, गंजली, उंदराने कुरतडली (गोदामात हे नवीन नाही), तरी तक्रार डिस्कच्याच नावाने लागते. स्मार्टच्या अहवालात सीआरसी चुकांचा आकडा वाढत असेल आणि खराब किंवा बदललेल्या भागांचे आकडे शून्य असतील, तर प्रथम तार बदलावी, जागा बदलून पाहावी, वीजपुरवठ्याचा डबा तपासावा. खराब भागांचा आकडा वाढताना दिसला तर मात्र वाद घालू नये, डिस्क बदलावी.

तिसरा एक प्रकार आहे तो जाणकारांनाही फसवतो. साध्या टेबलावरच्या संगणकासाठी केलेली डिस्क एखादा खराब भाग वाचण्याचा प्रयत्न मिनिट-दोन मिनिटे करीत राहू शकते. लिनक्स मात्र नेहमीच्या मांडणीत ३० सेकंदच वाट पाहते आणि मग तिला मेली असे समजून जोडीबाहेर काढते. जोडीत चालवण्यासाठी बनवलेल्या डिस्क काही सेकंदांत हार कबूल करतात आणि दुसऱ्या डिस्कवरून ती माहिती भरून घेतली जाते. म्हणून जोडीसाठी डिस्क घेताना दोनशे रुपये वाचवण्याच्या नादात कोणतीही डिस्क उचलू नये.

चौथी गोष्ट, आणि हिच्यापायी सर्वांत जास्त नुकसान होते: चांगली डिस्क काढली जाणे. डब्यात सारख्या रंगाच्या, सारख्या आकाराच्या दोन डिस्क. संगणक म्हणतो बी गेली. कारागीर खालची ती बी असे धरतो. वास्तविक ही अक्षरे संगणक पुन्हा सुरू केल्यावर उलटसुलट होऊ शकतात. प्रत्येक डिस्कच्या लेबलावर अनुक्रमांक छापलेला असतो, आणि संगणकही डिस्कला विचारून तोच क्रमांक सांगतो. दोन्ही जुळल्याशिवाय स्क्रू काढू नये. याहून सोपा उपाय म्हणजे जोडी बसवली त्याच दिवशी दोन्ही अनुक्रमांक मोठ्या अक्षरांत लिहून डब्याच्या बाहेर चिकटवून ठेवावेत. मागाच्या धोट्यापासून पिकरपर्यंत प्रत्येक सुट्या भागाचे नाव आणि दुकान आपल्या जॉबरला तोंडपाठ असते. ज्या डिस्कवर त्या मागाचा सारा हिशेब आहे तिचा क्रमांक मात्र घरात कोणालाच ठाऊक नसतो, हे आम्हाला चमत्कारिक वाटते.

शिळी डिस्क

येथे एका धोक्याचा स्वतंत्र उल्लेख केला पाहिजे, कारण तो फार कमी लोकांना ठाऊक आहे. समजा जूनमध्ये एक डिस्क तार सैल झाल्यामुळे जोडीबाहेर पडली. ती मेलेली नाही, फक्त थांबलेली आहे, आणि तिच्यावर जूनपर्यंतचा हिशेब जसाच्या तसा आहे. नोव्हेंबरात दुसरी डिस्क खरोखर मरते. कारागीर येतो, तारा हलवतो, जूनची डिस्क जागी होते आणि संगणक सुरू होतो. सगळे आनंदतात. मग कोणीतरी उधारी काढून पाहतो तर जून महिन्यानंतरचे एकही बिल नाही. याहून वाईट म्हणजे कोणी न पाहताच त्या शिळ्या हिशेबावर नवी बिले फाडू लागतो. पाच महिने ज्यांनी पैसे आणून दिले त्यांच्या नावावर येणे दिसते आणि ज्यांनी माल नेला त्यांच्या नावावर काहीच दिसत नाही. बाजारात शब्दावर चालणाऱ्या माणसाची यात काय अवस्था होते ते सांगायला नको.

लिनक्स प्रत्येक डिस्कवर घडामोडींचा एक चढता आकडा लिहून ठेवते. दोन डिस्कचे आकडे समोरासमोर ठेवले की ज्याचा आकडा मागे ती शिळी. डिस्क पुन्हा जोडण्यापूर्वी कारागिराने हा आकडा दुकानदाराला दाखवला पाहिजे. ताजी डिस्क जिवंत असेल आणि जोडीत फेरफारांची नोंदवही, म्हणजे बिटमॅप, चालू असेल, तर शिळी डिस्क परत जोडल्यावर फक्त बदललेला भाग भरला जातो आणि काम चटकन उरकते. नसेल तर सारी डिस्क पहिल्यापासून भरावी लागते. सेकंदाला १५० एमबी असा वेग मिळाला तर एक टीबीला सुमारे दोन तास आणि चार टीबीला साडेसात तास. दुकान चालू ठेवून हे केले तर याहून अधिक.

नवी डिस्क घेताना आकाराकडे पाहावे. नवी जुनीपेक्षा मोठी चालते, तसूभर लहान चालत नाही. एसएसडीत हे फार नडते: जुनी ५०० जीबीची आणि दुकानात मिळाली ४८० ची, तर ती जोडीत बसणार नाही. शिवाय नव्या डिस्कवर जुनीसारखे भाग पाडताना कारागीर दमलेला असेल तर उलट घडू शकते, म्हणजे कोऱ्या डिस्कची मांडणी भरलेल्या डिस्कवर चढते. आधी नक्कल काढा असे आम्ही म्हणतो त्याचे हेही एक कारण. आणि काम संपल्यावर जुनी डिस्क काढून ठेवून एकट्या नवीवर संगणक सुरू होतो का, ते पाहून घ्यावे. संगणक सुरू करणारा छोटा भाग पुष्कळदा आरशाच्या बाहेर, एकाच डिस्कवर असतो. मग दुसरीवर हिशेब सगळा असतो, पण संगणक उठतच नाही. जुनी परत लावण्यापूर्वी मात्र तीच आता शिळी झाली आहे हे विसरू नये. ती नव्याने भरून घ्यावी.

आरसा म्हणजे नक्कल नव्हे

आता मूळ गैरसमजाकडे येऊ. आरसा समोर जे आहे तेच दाखवतो. मुनीमाच्या हातून खाते पुसले गेले, तर त्याच क्षणी ते दोन्ही डिस्कवरून पुसले जाते. मे २०१७ मध्ये वॉनाक्राय नावाचा खंडणीखोर प्रोग्राम जगभर पसरला तेव्हा त्याने ज्या संगणकाच्या फाइली कुलूपबंद केल्या त्यांच्या दोन्ही डिस्कवरच्या फाइली एकदमच कुलूपबंद झाल्या. २०१९ च्या ऑगस्टमध्ये सांगली-कोल्हापुरात आणि २२ जुलै २०२१ रोजी चिपळुणात दुकानांत पाणी शिरले. एका डब्यातल्या दोन डिस्क एकाच पाण्यात बुडतात.

दोन्ही डिस्क एकाच दिवशी स्वतःहून मरू शकत नाहीत असे ज्यांना वाटते त्यांनी २०१९ सालची हकीकत लक्षात घ्यावी. हेवलेट पॅकार्ड एंटरप्राइझ या कंपनीने नोव्हेंबर २०१९ मध्ये स्वतः जाहीर केले की तिच्या काही एसएसडींमध्ये असा दोष आहे की त्या ३२,७६८ तास, म्हणजे सुमारे पावणेचार वर्षे चालल्या की बंद पडतील आणि त्यांवरची माहिती परत मिळणार नाही. त्या मोठ्या सर्व्हरच्या डिस्क होत्या आणि दुरुस्तीचे फर्मवेअरही कंपनीने दिले. पण विचार करा, एकाच खोक्यातून काढून एकाच दिवशी सुरू केलेल्या दोन डिस्कांचे तास बरोबरच पुरे होतात. म्हणून जोडीच्या दोन डिस्क वेगवेगळ्या कंपन्यांच्या, निदान वेगवेगळ्या महिन्यांत घेतलेल्या असाव्यात. दुकानदार याला नाक मुरडतो. त्याला दोन्ही सारख्या हव्या असतात, चपलांसारख्या.

येथे आमचे मत काही विक्रेत्यांना आवडणार नाही. आपल्यातील बहुसंख्य लहान दुकानदारांना ही जोडी मुळात लागतच नाही. ज्याचे दिवसाला वीस-पंचवीस बिले फाडण्याचे काम आहे त्याचा संगणक अर्धा दिवस बंद राहिला तर तो हाताने पावती लिहू शकतो. त्याने दुसऱ्या आतल्या डिस्कचे पैसे दोन बाहेरच्या डिस्कांवर खर्च करावेत. एक दुकानात, एक घरी. दर जुम्याला अदलाबदल. संगणक जळो, बुडो, चोरीला जावो, फार तर आठवड्याचे काम जाईल. टॅलीसारख्या प्रोग्राममध्ये नक्कल काढण्याची सोय असतेच, आणि ती नक्कल उघडते का हे महिन्यातून एकदा दुसऱ्या संगणकावर उघडून पाहावे.

जोडी लागते ती ज्याचे काम तासभरही थांबू शकत नाही त्याला. भरतकामाची यंत्रे रात्रंदिवस चालवणारा कारखानदार, ज्याची डिझाइने त्या एका संगणकातून यंत्रांवर जातात. हंगामात छापखाना चालवणारा, ज्याच्याकडे उर्दू-मराठी पत्रिकांच्या शेकडो फाइली आहेत आणि लग्नाची तारीख पुढे सरकत नाही. घाऊक काउंटर, जिथे चार जण एकाच वेळी बिले करतात. यांना जोडी जरूर असावी, पण बाहेरच्या नकला सोडून नव्हे. शिवाय भरतकामवाल्याकडे किंवा छापखान्यात जी डिझाइने असतात ती गिऱ्हाइकाची अमानत असते. हिशेब दहा ठिकाणी विचारून पुन्हा बसवता येतो, डिझाइन येत नाही.

विंडोजवर जोडी केलेल्यांनी आणखी एक पाहावे. डायनॅमिक डिस्क या जुन्या पद्धतीची शिफारस मायक्रोसॉफ्ट आता करीत नाही. विंडोज ज्या डिस्कवरून सुरू होते तिचा आरसा करणे हा तेवढा अपवाद. नुसत्या माहितीच्या डिस्कांसाठी स्टोरेज स्पेसेस ही पद्धत आहे. नवीन बसवताना कारागीर कोणती पद्धत वापरतो आहे ते विचारून बिलावर लिहून घ्यावे, म्हणजे उद्या दुसरा कारागीर आला तरी त्याला चाचपडावे लागणार नाही.

राहता राहिली काढून टाकलेली डिस्क. हमीची मुदत बाकी असेल तर विक्रेता ती परत मागतो, आणि बदल्यात येणारी डिस्क पुष्कळदा नवी नसून दुरुस्त केलेली असते. ती जोडीत टाकण्याऐवजी कमी महत्त्वाच्या कामाला लावावी. पण संगणकाला न दिसणारी डिस्क रिकामी नसते. तिच्यावर आपल्या सर्व गिऱ्हाइकांची नावे, फोन आणि येणी असतात आणि जाणकार माणूस ती काढू शकतो. ज्या डिस्कवर असा मजकूर साठवायचा ती पहिल्यापासून सांकेतिक कुलूप लावून, म्हणजे एन्क्रिप्ट करून वापरली असेल तर परत द्यायला हरकत नाही. तसे नसेल तर दोन-तीन हजारांच्या हमीवर पाणी सोडावे, आणि भंगारवाल्याला देण्यापूर्वी लोहाराच्या हातोड्याने तिच्या आतल्या तबकड्या फोडून घ्याव्यात. एसएसडी असेल तर तिच्यावरची काळी चिप एकही शाबूत राहू देऊ नये.